दुपारी घरी कोण असतं?

जळगावातल्या मेहरूणची बोरं बाजारात यायच्या आधी मेहरूणमध्ये कुत्र्याची पिल्लं येतात. पावसाळ्यात माजावर आलेली कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. विसर्जनाची गर्दी मेहरूण तलावावरून ओसरते, घरोघर फराळाच्या याद्या निघायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच शिरसोली रस्त्याच्या कडेला वाळूच्या ढिगात, बंद टपरीखाली, एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमागे कुईकुई ऐकू येऊ लागते. पहाटे तलावावर फिरायला येणाऱ्यांपैकी कोणी बिस्किटांचा पुडा फोडतं, कोणी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतं. ‘गोंडस पिल्लं, मोफत द्यायची आहेत.’ तासाभरात अंगठ्यांचा आणि बदामांचा पाऊस पडतो. प्रत्यक्ष न्यायला येतो एखादा.

त्या एखाद्याला पिल्लू द्यायचं की नाही, हे कसं ठरतं ते बघायला मी मेहरूणमधल्या एका ताईंच्या मागे हिंडलो. त्यांचं नाव इथे छापत नाही, कारण त्यांची तशी अटच होती. नाव छापून आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खोकं असतं. वरून भोकं पाडलेलं, आत चार पिल्लं आणि एक पोळी. ताई शाळेत शिकवतात, यजमान डाळ मिलमध्ये हिशेब बघतात. घराला अंगण आहे, अंगणात जाळीचे दोन कप्पे आहेत, आणि त्या कप्प्यांत कायम कोणीतरी तात्पुरत्या मुक्कामाला असतं. गाडीखाली आलेलं, खरजेने केस गेलेलं, आई मेलेलं.

फोन येतो. समोरचा माणूस सांगतो, आम्हाला कुत्र्यांची फार आवड आहे. ताई आवडीबद्दल एक शब्द बोलत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुपारी घरी कोण असतं?

जळगावात हा प्रश्न साधा नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. बारा ते पाच शहर दार लावून बसतं, रस्त्यावरचं डांबर मऊ पडतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जो काही येतो तो पंजांच्या तळव्यांना, आणि बाकीची उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. हवाच तापलेली असेल तर धापा टाकूनही फार उपयोग होत नाही. नवरा-बायको दोघं कामावर, घराला कुलूप आणि कुत्रं गच्चीवरच्या पत्र्याखाली साखळीला, अशा घरात मायेची कितीही रेलचेल असली तरी मे महिन्यात ते कुत्रं जगेलच याची खात्री देता येत नाही. म्हणून दुपारचं विचारायचं. त्या एका उत्तरातून सावली कुठे आहे, पाणी कोण बदलणार, घरात म्हातारं माणूस आहे का आणि त्या माणसाला कोणी विचारलंय का, हे सगळं आपोआप बाहेर येतं.

पूर्वी हे प्रश्न पडायचं कारण नव्हतं. मेहरूण गाव होतं, बोरांचे मळे होते, आणि कुत्रं गल्लीचं असे. चार घरच्या भाकरीवर ते वाढायचं, रात्री अनोळखी पावलावर भुंकायचं, दुपारी कोणाच्याही ओट्याखाली पडायचं. ते कोणी पाळलं नव्हतं आणि ते बेवारसही नव्हतं. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट याच जगातली. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत आणि खंडोबाच्या बरोबरही एक आहे. पुढे मळ्यांचे प्लॉट पडले, ओट्यांच्या जागी कंपाउंड आणि लोखंडी गेट आलं. गल्लीचं कुत्रं गेटच्या बाहेर राहिलं. आता ते आत यायचं तर कोणाच्या तरी एकाच्या नावावर यावं लागतं. माणसांना आणि कुत्र्यालाही हे नवीन आहे.

एका संध्याकाळी ताईंबरोबर मोहाडी रस्त्याकडच्या एका नव्या कॉलनीत गेलो. वडील बँकेत, आई घरी शिकवण्या घेते, मुलगा आठवीत. मुलाला पांढरं पिल्लू हवं होतं आणि ते नर हवं होतं. फोटो बघून त्याचं नावही ठरलं होतं. घर पाहायला जाणं ही ताईंची दुसरी अट. खानदेशात सोयरीक जुळवताना जाणती माणसं मुलाच्या पगाराआधी परसदार बघून येतात, तशी ताईंची नजर सोफ्यावर ठरली नाही. त्यांनी गेटच्या गजांमधलं अंतर बघितलं. दोन महिन्यांचं पिल्लू त्यातून सहज निसटलं असतं. जिना चढून गच्चीचा कठडा बघितला. मग खाली येऊन त्या कोपऱ्यातल्या पलंगावर बसलेल्या आजींजवळ बसल्या. कुत्र्याचा विषय काढलाच नाही. गुडघे कसे आहेत, अंगण कोण झाडतं, दुपारी झोप लागते का, असं बोलत राहिल्या.

आजी शिरपूरकडच्या. अंगण रोज स्वतः धुतात, चालताना काठी लागते, मागच्या वर्षी न्हाणीत घसरून पडल्या होत्या. कुत्रं आणायचं ठरलंय हे त्यांना नातवाने सांगितलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं. ताईंनी विचारल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “घरमा नको. आंगनमा राहू दे.”

ताईंनी तिथेच पिल्लू नाकारलं. मुलाचं तोंड पडलं, वडील जरा दुखावले. ताईंनी कारण सरळ सांगितलं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसातून दहा-बारा वेळा मुततं, दात शिवशिवतात म्हणून दिसेल ते चावतं आणि सतत पायांत घोटाळतं. अंगण ओलं, हातात काठी आणि पायांत पिल्लू. आजी पडल्या तर कुत्रं दुसऱ्या दिवशी परत येणार, आणि त्यात चूक कुत्र्याची ठरणार. मग त्यांनी दुसरं नाव पुढे केलं. त्यांच्याकडे एक चारेक वर्षांची तपकिरी कुत्री होती. नसबंदी झालेली, कानाला खाच असलेली. मोटारसायकलच्या धडकेनंतर मागचा पाय किंचित ओढत चालणारी. अंगावर उड्या न मारणारी, ऊन आलं की सावलीला सरकणारी, ओळख नसलेल्या माणसाला आधी लांबून निरखणारी. फोटोत ती कोणाला आवडत नव्हती. पंधरा दिवस ठेवून बघा, नाही जमलं तर मी घेऊन जाईन, असं ठरलं.

ती कुत्री त्या घरी राहिली. आजी अजूनही तिला हात लावत नाहीत. जेवण झालं की भाकरीचा तुकडा लांबून टाकतात, आणि अंगण धुताना “सरक वं” म्हणतात. ती सरकते. ताईंच्या लेखी एवढं पुरतं. दत्तक टिकतं ते घरातल्या सर्वांत हौशी माणसामुळे नाही. सर्वांत कमी राजी असलेल्या माणसाला ते कितपत सोसवतं यावर टिकतं. हौशी माणूस शाळेत, कॉलेजात, ऑफिसात असतो. कुत्रं असतं नाराज माणसाबरोबर, दुपारभर.

ही निवड मनमानी वाटू शकते, पण जगभर अनुभव याच वाटेने गेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १८६६ साली स्थापन झालेल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेत एमिली वाइस या वर्तनशास्त्रज्ञ बाईंनी ‘मीट युवर मॅच’ नावाची पद्धत बसवली. कुत्र्याची स्वभाव-चाचणी घ्यायची, घरच्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि दोघांना हिरवा, नारिंगी, जांभळा असे रंग द्यायचे. यातली मेख अशी की येणारा माणूस रंगरूपाकडून स्वभावाकडे वळतो. पांढरं पिल्लू मागणारा मुलगा आणि पाय ओढणारी तपकिरी कुत्री यांची गाठ एरवी पडत नाही.

आपल्याकडे याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण रतन टाटांचं. २०१८ मध्ये टाटा समूहाचं मुख्यालय असलेल्या बॉम्बे हाउसची दुरुस्ती झाली तेव्हा तिथल्या भटक्या कुत्र्यांसाठी इमारतीत खास जागा ठेवली गेली. त्यांच्यातला ‘गोवा’ टाटांचा विशेष लाडका; गोव्यात एका सहकाऱ्याच्या गाडीत पिल्लू असताना चढून बसला आणि मुंबईला आला म्हणून ते नाव. पण आपल्या विषयाला जास्त उपयोगी आहे ते त्यांनी २०२० मध्ये केलेलं काम. मायरा नावाच्या नऊ महिन्यांच्या कुत्रीसाठी आणि नंतर अपघातात मागचे पाय लुळे पडलेल्या स्प्राइटसाठी त्यांनी इन्स्टाग्रामवर घर शोधलं. लाखो लोक त्यांचं लिहिणं वाचत होते. तरीही, नेऊ इच्छिणाऱ्यांनी आधी काही प्रश्नांची उत्तरं द्यावीत, अशी व्यवस्था त्यांनी ठेवली. ज्याच्या शब्दावर कोणीही हात पुढे केला असता, त्यानेही पहिल्या हाताला कुत्रं दिलं नाही.

पिल्लूच हवं, हा हट्ट मात्र सगळीकडे सारखा. लहानपणापासून आणलं की लळा लागतो, ही समजूत. त्यात तथ्य आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी बरीच वर्षं पिल्लांच्या वाढीचं निरीक्षण करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. या काळात त्याला माणसांचे हात, मिक्सरचा आवाज, लहान मुलांचा गोंधळ आणि भावंडांची मस्ती हे सगळं मिळायला हवं. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. जास्त जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबतो. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. डोळे नुकते उघडलेलं पिल्लू ‘बाटलीने दूध पाजू’ म्हणून नेणारं घर त्याची ती शाळा बुडवतं.

मोठं कुत्रं नेण्यात एक सोय अशी की ते जसं आहे तसं समोर असतं. मांजर दिसल्यावर काय करतं, सायकलमागे धावतं का, भांड्याला हात लावला तर गुरगुरतं का, एकटं राहिलं तर रडतं का, हे आधीच बघता येतं. पिल्लाच्या बाबतीत हा सगळा अंदाज. ज्या घरात रांगतं मूल आहे, म्हातारं माणूस आहे, किंवा शिकवायला कोणाला वेळ नाही, तिथे चार वर्षांचं शांत कुत्रं पिल्लापेक्षा कितीतरी सोपं.

हवामानाचा मुद्दा निराळाच आहे. जळगावच्या उन्हाळ्यात दाट लोकरीची हस्की किंवा चपट्या नाकाचा पग पाळायचा म्हणजे एसीच्या भरवशावर त्याचा जीव टांगायचा. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धाप नीट टाकता येत नाही आणि उष्णता बाहेर काढायला त्याच्याकडे दुसरी वाट नाही. आपलं गावठी कुत्रं आखूड केसांचं, सडपातळ अंगाचं, उभ्या कानांचं आणि लांब नाकाचं असतं. इथल्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं ते जनावर आहे. तरी त्यालाही फिरवायचं ते सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. रस्त्यावर हाताचा पंजा पाच सेकंद टेकवून ठेववत नसेल, तर त्याचेही तळवे पोळणार.

तब्येतीची बाजू थोडक्यात सांगता येते, पण ती टाळता येत नाही. पार्वो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे काळ. या रोगांवरची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून साधारण सोळा आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण करतात. तोवर तलावाकाठी, जिथे इतर कुत्री हागतात-मुततात तिथे, पिल्लाला सोडायचं नाही. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, पुढे बूस्टर आणि मग दरवर्षी. गोचिडांमुळे येणारा ताप इथे नेहमीचा. कुत्रं खायचं सोडून मलूल बसलं तर वाट न बघता रक्त तपासून घ्यायचं. आणि पाळलेलं, लस दिलेलं कुत्रं चावलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टर गाठायचा. हळद, चुना, मिरची काहीही लावायचं नाही.

खाण्यावरूनही घरं जुळतात आणि मोडतात. जळगावात शुद्ध शाकाहारी घरं पुष्कळ आहेत. घरात अंडं चालतं का, हे ताई विचारतातच. चालत नसेल तर पॅकेटचा संतुलित आहार परवडेल का, हे विचारतात. दूध-भाकरीवर कुत्रं पोट भरतं, पण नुसत्या तेवढ्यावर त्याचं अंग भरत नाही. उरलेली शेवभाजी आणि भरीत तर त्याला अजिबात नको. तिखट-तेलाचं सोडा, पण कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही विषारी. दिवाळीच्या दिवसांत हे लक्षात ठेवायला हवं, कारण लाडू-चिवड्यात मनुका असतोच आणि मुलं मायेने भरवतात.

दिवाळीत ताई कुत्रं कोणाच्याच घरी पाठवत नाहीत. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आणि लांबचं ऐकू येतं. नवं घर, अनोळखी माणसं आणि वर लक्ष्मीपूजनाचे फटाके. अशा रात्री कुत्रं गेटवरून उडी मारून पळतं आणि त्याला परतीचा वास माहीत नसतो. ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांनी संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणावं, आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही लावून ठेवावं आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहावा.

नव्या घरात रुळायला किती वेळ लागतो, यावर प्राणिसेवकांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस ते घाबरलेलं असतं. पलंगाखाली बसेल, खाणार नाही. तीन आठवड्यांत घरातलं वेळापत्रक कळतं, आणि त्याबरोबर त्याच्या खोड्याही बाहेर येतात. घर आपलं वाटायला तीन महिने. परत येणारी पुष्कळ कुत्री पहिल्या आठवड्यातच परत येतात, कारण घरच्यांना ती ‘आजारी’ किंवा ‘मठ्ठ’ वाटतात. त्या दिवसांत पाहुण्यांना बोलावून कुत्रं दाखवायचं नाही, आंघोळ घालायची नाही, आणि मुलांनी मिठ्या मारायच्या नाहीत. कुत्र्याला सगळ्यात जास्त गरज असते ती कोणी आपल्याकडे बघू नये याची.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं विचारणारे आहेत आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातली भटकी कुत्री १ कोटी ५३ लाखांच्या घरात आणि महाराष्ट्रातली पावणेतेरा लाखांच्या आसपास भरली. दत्तक देऊन हा आकडा हलणार नाही. एक कुत्री वर्षातून दोनदा विऊ शकते. तिच्या एका वेतातल्या पिल्लांना घरं शोधेपर्यंत दुसरं वेत येतं. संख्येवर उपाय नसबंदीचा. २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ती जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे: कुत्रं पकडायचं, नसबंदी आणि रेबीजची लस करायची, आणि होतं तिथेच परत सोडायचं.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं तेव्हा देशभर वादळ उठलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडायची, खाऊ घालायला ठरावीक जागा करायच्या. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांतून हलवलेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत, असा आदेश आला. या गदारोळात २२ ऑगस्टच्या आदेशातलं दत्तकाचं कलम फारसं कोणाच्या डोळ्यांत भरलं नाही. प्राणिप्रेमींनी महापालिकेकडे अर्ज करून भटकं कुत्रं दत्तक घ्यावं, त्याला खूणपट्टी लावली जावी, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने तर २०२२ मध्येच अशा दत्तकाची कार्यपद्धती आखून दिली होती. म्हणजे मेहरूणच्या अंगणात ताई तोंडी विचारतात ते आता सरकारी कागदावर यायच्या बेताला आलं आहे. पण अर्जावर सही करणाऱ्याची दुपार कोणी तपासत नाही.

कायद्याचा धाक तोकडा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा त्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तलावावरच्या एका प्लेट भेळीच्या पैशांत कुत्रं टाकून देता येतं.

म्हणून ताई आपला कागद करून घेतात. साधं हाताने लिहिलेलं पान. नसबंदी करू, लस चुकवणार नाही, साखळीला कायम बांधणार नाही, फिरवताना पट्टा लावू, महिन्यातून एकदा फोटो पाठवू. लोक हसतात आणि सही करतात. कुत्री परत येतात ती क्रूरपणामुळे क्वचितच. बदली पुण्याला झाली आणि घरमालक नको म्हणाला. सून गरोदर राहिली आणि कोणीतरी घाबरवलं. मुलगा बारावीनंतर कोटाला गेला. यातलं बहुतेक नेतानाच दिसत होतं. बारावी अचानक येत नाही. दहा-बारा वर्षं जगणारं जनावर नेताना घरातल्या पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडायला कोणाला आवडत नाही, ताई तो समोर बसवून मांडायला लावतात. निम्मे लोक तिथेच उठतात. उठणाऱ्यांना त्या एक काम सांगतात: तुमच्या गल्लीतल्या एका कुत्रीच्या नसबंदीचा आणि लशीचा खर्च करा, आणि तिला रोज एका ठरलेल्या जागी पाणी ठेवा. दत्तक न घेताही एवढं करता येतं, आणि पुष्कळ जण करतात.

कागदाच्या तळाशी शेवटची ओळ आहे: जमलं नाही तर कुत्रं आम्हालाच परत द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही, सोडायचं नाही. परत आणून देणाऱ्यावर ताई चिडत नाहीत. चहा करतात, काय बिनसलं ते विचारतात आणि वहीत लिहून ठेवतात, म्हणजे त्याच कुत्र्यासाठी पुढचं घर बघताना ते उपयोगी पडतं. चिडतात ते दोन महिन्यांनी फोन न उचलणाऱ्यावर. मग शाळा सुटली की स्कूटर काढून त्या त्याच्या दारात जाऊन उभ्या राहतात.